खचत्या पुळणीची दुरुस्ती: पाहणीपासून देखभालीपर्यंत कामाचा क्रम

पुळण खचू लागली की सर्वांत आधी दगडी बंधाऱ्याचे अंदाजपत्रक तयार होते. वाळू नेमकी कुठे गेली हा प्रश्न त्यानंतर, बहुधा बंधारा ढासळल्यावर, विचारला जातो. हा लेख त्या उलट्या क्रमाबद्दल आहे. वाळूभरण, ग्रोयन (किनाऱ्याला आडव्या भिंती), समुद्रातील लाटरोधक, वाळूच्या टेकड्या आणि संरक्षक भिंत ही सारी साधने आपापल्या जागी उपयोगी आहेत. ती फसतात ती पूर्वतयारी अपुरी राहिल्यामुळे किंवा आधीचे काम नंतर आणि नंतरचे आधी केल्यामुळे. पुढचे टप्पे केवळ वालुकामय किनाऱ्यांसाठी आहेत. चिखलाचे आणि खारफुटीचे किनारे वेगळ्या रीतीने वागतात, त्यांना ही मापे लावू नयेत.

## टप्पा १: धूप कायमची आहे की हंगामी, हे ठरवणे

वादळी हंगामातील उंच, आखूड लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा तयार करतात. समुद्र शांत झाला की लांब, सपाट लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. या येण्याजाण्यात कित्येक किनाऱ्यांची रेषा वर्षभरात दहा-वीस मीटर, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, मागेपुढे सरकते. वादळानंतरच्या आठवड्यात काढलेले छायाचित्र आणि शांत हंगामातले जुने छायाचित्र शेजारी ठेवून काढलेला धुपीचा दर म्हणूनच निरर्थक असतो.

तुलना नेहमी एकाच हंगामातील नोंदींची करावी. जुनी हवाई छायाचित्रे, उपग्रहचित्रे आणि नकाशे मिळतील तितके मागचे घ्यावेत आणि त्यांच्यावर स्वतःच्या किमान एका पूर्ण वर्षाच्या मोजणीची भर घालावी. उपग्रहचित्रात दिसणारी पाण्याची कड म्हणजे किनारारेषा असे समजणे ही दुसरी हमखास चूक आहे. पुळणीचा उतार तीसास एक असेल, तर पाण्याची पातळी अर्ध्या मीटरने बदलताच ती कड पंधरा मीटर सरकते. चित्र घेतले त्या वेळची भरती-ओहोटीची पातळी ठाऊक नसेल, तर पाण्याच्या कडेऐवजी कायम झाडोऱ्याची कड किंवा टेकडीचा पायथा मोजावा.

तपासणी: निदान तीन वेगवेगळ्या वर्षांच्या, एकाच हंगामातील नोंदींत माघार एकाच दिशेने दिसते का? दिसत नसेल, तर बांधकामाचा विचार इथेच थांबवून मोजणी चालू ठेवावी.

## टप्पा २: कोरड्या पुळणीपासून खोल पाण्यापर्यंत मोजणी

पुळण म्हणजे पायाखाली लागते तेवढी वाळू नव्हे. टेकडीच्या पाठीमागून सुरू होऊन लाटांमुळे तळ हलतो त्या शेवटच्या खोलीपर्यंत तिचा एकच सलग उतार असतो. या शेवटच्या खोलीला आपण सीमाखोली म्हणू. तिचा पहिला अंदाज हॅलरमायर यांच्या सूत्राने निघतो. वर्षातून फक्त बारा तास ओलांडली जाणारी लाटेची उंची घ्यावी आणि तिला २.२८ ने गुणावे. मग त्याच उंचीचा वर्ग गुरुत्वत्वरण आणि आवर्तनकाळाचा (लागोपाठच्या दोन लाटांमधल्या वेळेचा) वर्ग यांच्या गुणाकाराने भागावा, येईल त्याला ६८.५ ने गुणावे आणि तो आकडा पहिल्या आकड्यातून वजा करावा. अशी लाट ४ मीटर उंच आणि १० सेकंदांची असेल, तर सीमाखोली सुमारे ८ मीटर येते. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

काटछेदाच्या, म्हणजे उताराची उंची-खोली मोजायच्या, ओळी किनाऱ्याला काटकोनात, शंभर ते दोनशे मीटर अंतराने आखाव्यात आणि कामाच्या हद्दीबाहेर दोन्ही बाजूंना बऱ्याच पुढेपर्यंत न्याव्यात. प्रत्येक ओळीचे मूळ टोक लाटांच्या आवाक्याबाहेर, पक्क्या खुणेवर असावे आणि पुढची प्रत्येक मोजणी त्याच ओळीवर व्हावी.

सर्वांत जास्त गोंधळ पातळीच्या आधाराचा होतो. जमिनीवरची मोजणी सहसा सरासरी समुद्रपातळीवरून केलेली असते, तर सागरी नकाशातील खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीवरून दिलेली असते. दोन्हींतला फरक मोठ्या भरतीच्या किनाऱ्यावर काही मीटरही असू शकतो. तो न सुधारता दोन तक्ते जोडले, तर कागदावर एक खोटी पायरी तयार होते आणि कुणीतरी तिलाच धूप म्हणते. जमिनीची मोजणी उधाणाच्या दिवसांतील ओहोटीला, वाळूत जाता येईल तितके खाली उतरून करावी. नावेतली मोजणी भरतीला, नाव येऊ शकेल तितकी किनाऱ्याजवळ आणून करावी. दोन्ही मोजण्या मधल्या पट्ट्यात एकमेकींवर चढल्या पाहिजेत, कारण चूक पकडण्याची तीच एक जागा आहे.

इशारा: पाचशे मीटर लांबीच्या काटछेदात उंचीची सरसकट १० सेंटीमीटरची चूक झाली, तर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे ५० घनमीटर, म्हणजे एका किलोमीटरला ५०,००० घनमीटर वाळू निव्वळ कागदावर येते किंवा जाते.

## टप्पा ३: वाळूचा जमाखर्च मांडणे आणि कारण शोधणे

सगळ्या लेखातला एकच टप्पा काळजीपूर्वक करायचा ठरवला, तर तो हा करावा. दोन भूशिरांच्या किंवा खोल खाडीमुखांच्या दरम्यानचा किनारा हा हिशेबाचा एक घटक धरावा. जमेच्या बाजूला नदीने आणलेली वाळू, कडे झिजून आलेली वाळू, समुद्रतळावरून वर आलेली आणि शेजारच्या किनाऱ्यावरून वाहत आलेली वाळू येते. खर्चाच्या बाजूला खाडीत शिरलेली, वाऱ्याने आत उडालेली, सागरी दरीत घसरलेली, उपसा करून नेलेली आणि बंदराच्या वाटेतून काढून खोल पाण्यात टाकून दिलेली वाळू मांडावी. शेवटची बाब सरकारी कागदांत "गाळ" म्हणून नोंदलेली असते आणि जमाखर्चातून हमखास सुटते. तो गाळ किती आणि त्यात वाळू किती, हे स्वतंत्रपणे विचारावे.

लाटा किनाऱ्याला तिरप्या येतात तेव्हा वाळू किनाऱ्यालगत वाहू लागते. नदीसारखेच या प्रवाहालाही वरचे अंग आणि खालचे अंग असते. वाटेत आडवा धक्का किंवा खाडीमुखाची भिंत आली की वरच्या अंगाला वाळू साठते आणि खालच्या अंगाची पुळण उपाशी राहते. पुदुच्चेरीत १९८९ मध्ये बंदराच्या भिंती उभ्या राहिल्या. तेथील वाळूचा निव्वळ प्रवाह उत्तरेकडे असल्याने दक्षिणेला वाळू साठली आणि उत्तरेची, म्हणजे शहरापुढची, पुळण नाहीशी झाली. मग शहर वाचवण्यासाठी दगडाची भिंत घातली गेली आणि धूप त्या भिंतीच्या उत्तर टोकापलीकडे सरकत राहिली. तिथे कारण बंदर होते आणि उपाय दगड हा निवडला गेला. हा क्रम जगभर इतक्या वेळा घडला आहे की त्याचे आश्चर्य वाटू नये.

ऑस्ट्रेलियातल्या ट्वीड नदीच्या मुखाजवळही १९६० च्या दशकात भिंती लांबवल्यावर असेच झाले. तिथे अखेर कारणावरच इलाज केला गेला. २००१ पासून दक्षिणेकडच्या जेट्टीवरचे पंप वाळू उपसतात आणि नदीखालून गेलेल्या नळांतून ती उत्तरेच्या किनाऱ्यांवर सोडतात. त्या किनाऱ्यालगत वर्षाला सुमारे पाच लाख घनमीटर वाळू वाहते, यावरून अशा यंत्रणेला किती ओझे पेलावे लागते याचा अंदाज यावा.

प्रवाहाचा निव्वळ आकडाच पाहणे हीसुद्धा चूक ठरते. एका हंगामात तीन लाख घनमीटर उत्तरेला आणि दुसऱ्यात अडीच लाख दक्षिणेला जात असतील, तर निव्वळ आकडा पन्नास हजारांचा दिसतो, पण आडवे बांधकाम दोन्ही हंगामांची वाळू अडवते आणि दोन्ही बाजूंना त्रास देते.

तपासणी: "वाळू कमी होते कारण..." हे वाक्य एका कारणाने आणि एका आकड्याने पुरे करता येते का? "समुद्र वाढला आहे" हे उत्तर पुरेसे नाही. पातळीवाढ खरी आहे, पण ती आसपासच्या सर्वच किनाऱ्यांना लागू पडते. शेजारची पुळण टिकून असेल आणि आपलीच खचत असेल, तर स्थानिक कारण शोधलेच पाहिजे.

## टप्पा ४: उपायांची चढती यादी

पहिला पर्याय काहीच न बांधता मागे सरकण्याचा आहे आणि मागे मोकळी जमीन असेल तर तो बहुधा सर्वांत स्वस्त पडतो. त्यानंतर अडलेली वाळू पुढे सोडणे, मग बाहेरून वाळू आणून भरणे, मग भरलेल्या वाळूला टिकवण्यापुरते बांधकाम आणि सर्वांत शेवटी भिंत. ही यादी वरून खाली वाचावी आणि एखादी पायरी का वगळली हे लेखी नोंदवावे. भिंतीबाबत एक गोष्ट आधीच कबूल करून घ्यावी: ती मागची जमीन वाचवते, पुढची पुळण वाचवत नाही. किनारा माघार घेतच असेल, तर स्थिर भिंतीपुढची कोरडी वाळू अरुंद होत जाते आणि शेवटी भरतीचे पाणी थेट दगडाला लागते. रस्ता किंवा वस्ती वाचवायची असेल तर हा सौदा पत्करता येतो. पुळण वाचवायची असेल तर तो मुळात चुकीचा आहे.

## टप्पा ५: भरायची वाळू निवडणे

"वाळू म्हणजे वाळू" या समजुतीने जितकी भरणे वाहून गेली तितकी वादळांनीही नेली नसतील. आधी मूळ पुळणीची वाळू नीट ओळखावी. नमुना फक्त कोरड्या वाळूचा घेऊ नये. टेकडीवरची वाऱ्याने आणलेली वाळू बारीक असते, लाट फुटून वर धावते तिथली सर्वांत जाड असते आणि दांड्यापलीकडे ती पुन्हा बारीक होत जाते. काटछेदावरच्या सात-आठ जागांचे, सीमाखोलीपर्यंतचे, नमुने चाळून त्यांचा एकत्रित आलेख काढावा. तुलना त्या आलेखाशी करायची असते.

खाणीच्या जागी, म्हणजे समुद्रतळावर जिथून वाळू काढायची तिथे, वरवरचा नमुना फसवा असतो. वरची अर्धा मीटर वाळू स्वच्छ आणि तिच्याखाली गाळाचा थर, असे वारंवार आढळते. नळी तळात रुतवून काढलेले उभे नमुने घ्यावेत आणि प्रत्येक थर वेगळा तपासावा. ०.०६३ मिलिमीटरहून बारीक अंश पाच टक्क्यांच्या आत असावा, नाहीतर तो उपसताना आणि टाकताना धुऊन जातो, पाणी दिवसेंदिवस गढूळ ठेवतो आणि विकत घेतलेले घनमाप कमी करतो.

बारीक वाळूने काय बिघडते ते आकड्यांत पाहावे. डीन यांच्या समतोल काटछेदाच्या नियमानुसार पाण्याची खोली किनाऱ्यापासूनच्या अंतराच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते आणि उताराचा तीव्रपणा दाखवणारा गुणांक कणांच्या जाडीवर ठरतो. ०.३ मिलिमीटर वाळूला (गुणांक ०.१२५) ८ मीटर खोली गाठायला सुमारे ५१० मीटर अंतर लागते, तर ०.२ मिलिमीटर वाळूला (गुणांक ०.१००) सुमारे ७१५ मीटर. मूळ पुळण पहिल्या प्रकारची असेल आणि भर दुसऱ्या प्रकारची घातली, तर नवी वाळू सपाट होत दोनशे मीटर अधिक लांब पसरू पाहते. घनमाप थोडे असेल तर ती सगळीच पाण्याखाली जाते आणि वर कोरडी पुळण उरतच नाही. म्हणून भर मूळ वाळूइतकी किंवा किंचित जाड असावी. फार जाडही नको, कारण मग उतार तीव्र होतो, लाट पायाशी येऊन आदळते आणि पोहणाऱ्यांना धोका वाढतो.

रंग आणि शिंपल्यांचे प्रमाणही पाहावे. समुद्री कासवे जिथे अंडी घालतात तिथे गडद वाळू घरटे तापवते आणि घरट्याच्या तापमानावर पिल्लांचे नर-मादी प्रमाण ठरते.

इशारा: खाणीचा खड्डा सीमाखोलीच्या आत कधीही खणू नये. तो वाळू ओढून घेतो, शिवाय लाटांची दिशा वळवून किनाऱ्यावर काही ठिकाणी धूप एकवटतो. लुइझियानातील ग्रँड आइल बेटावर १९८४ च्या भरणासाठी किनाऱ्याजवळच खड्डे खणले गेले. त्यांच्या मागे किनारा पुढे आला आणि बाजूंना खचला.

## टप्पा ६: घनमापाचा हिशेब

इथली चूक इतकी सरसकट आहे की एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. एक किलोमीटर पुळण तीस मीटरने रुंद करायची आहे, कोरड्या पुळणीची उंची २ मीटर आहे आणि सीमाखोली ८ मीटर. घाईत केलेला हिशेब असा असतो: ३० गुणिले १,००० गुणिले २, म्हणजे ६०,००० घनमीटर. प्रत्यक्षात किनारारेषा पुढे सरकायची तर काटछेद त्याच्या पूर्ण उंचीने, म्हणजे २ आणि ८ मिळून १० मीटरने, पुढे सरकायला हवा. खरी गरज ३,००,००० घनमीटरची, पाचपट आहे. ६०,००० घनमीटर टाकले, तर लाटा ती वाळू संपूर्ण उतारावर पसरवतात आणि तीस मीटरच्या आश्वासनातले सहा मीटर उरतात. मग "भर वाहून गेली" अशी ओरड होते, वास्तविक ती तिथेच पाण्याखाली असते.

या आकड्यात दोन बाबी मिळवाव्यात. एक, पुढच्या भरणापर्यंतच्या वर्षांत नेहमीच्या धुपीने जाणारी वाळू आगाऊ टाकावी. दोन, भराच्या टोकांकडून होणारी गळती धरावी. भरलेला भाग किनाऱ्यावर पुढे आलेला उंचवटा असतो आणि लाटा तो दोन्ही टोकांकडून सपाट करत जातात. त्याचे आयुष्य लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: इतर गोष्टी समान असतील तर ५०० मीटरच्या भराच्या तुलनेत दोन किलोमीटरचा भर सोळापट टिकतो. म्हणून तीन लहान गावांनी आपापले तुकडे वेगवेगळे भरण्यापेक्षा एकत्र येऊन एकच लांब भर करणे केव्हाही शहाणपणाचे. नेदरलँड्समध्ये हा विचार टोकाला नेला गेला. २०११ मध्ये डेल्फलंडच्या किनाऱ्यावर सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकण्यात आली आणि ती लाटा-वाऱ्यांनीच शेजारच्या किनाऱ्यावर पसरवावी अशी योजना आखली गेली. प्रत्येक किनाऱ्याला ते जमणार नाही, पण तत्त्व तेच आहे.

तपासणी: टोकांशी भर एकदम संपतो की निमुळता होत जातो? एकदम तुटलेले टोक पहिल्याच हंगामात गोल होते आणि ती वाळू हिशेबाबाहेर जाते.

## टप्पा ७: वाळू धरून ठेवणारी बांधकामे, लागलीच तर

ग्रोयन. किनाऱ्याला आडव्या या भिंती वाळू निर्माण करत नाहीत, फक्त अडवतात. त्यांच्यामधले कप्पे बांधकामाबरोबरच बाहेरून वाळू आणून भरले नाहीत, तर ती वाळू खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या वाट्यातून जाते. दोन ग्रोयनमधले अंतर त्यांच्या लांबीच्या दोन ते तीनपट धरून अभ्यास सुरू करावा, खालच्या टोकाकडे लांबी उतरती ठेवावी आणि कप्पे भरायची सोय नसेल तर सुरुवात खालच्या अंगाकडून करावी. न्यूयॉर्कमधील वेस्टहॅम्प्टन येथे नेमके उलट झाले. वरच्या अंगाकडून १९७० पर्यंत १५ ग्रोयन झाले, कप्पे भरले गेले नाहीत आणि उरलेले काम थांबले. खालचा किनारा झपाट्याने खचला आणि डिसेंबर १९९२ च्या वादळात वाळूचा तो पट्टाच फुटला.

समुद्रातील लाटरोधक. किनाऱ्याला समांतर भिंतीमागे पाणी शांत होते आणि वाळू साठते. भिंतीची लांबी किनाऱ्यापासूनच्या अंतरापेक्षा जास्त झाली, तर साठलेली वाळू भिंतीला जाऊन चिकटण्याची शक्यता वाढते आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह तुटतो. लांबी कमी ठेवली, तर किनाऱ्याला फक्त फुगवटा येतो आणि वाळूला पुढची वाट उरते. बहुतेक ठिकाणी दुसरी स्थिती हवी असते.

दगडी भिंत. किनाऱ्याजवळ लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीच्या आसपास मर्यादित राहते. वादळी फुगवटा (वादळाने वाढलेली समुद्राची पातळी) धरून भिंतीपुढे अडीच मीटर पाणी असेल, तर लाट सुमारे दोन मीटरची. हडसन यांच्या सूत्राने, दोनास एक उतारावर, खडबडीत दगडासाठी आणि फुटणाऱ्या लाटेचा स्थैर्य गुणांक २ धरून, वरच्या थराचा दगड सुमारे १.३ टनांचा येतो. आता भिंतीपुढची पुळण सव्वा मीटरने खाली गेली की लाट तीन मीटरच्या जवळ जाते आणि तोच दगड सुमारे ४.५ टनांचा लागतो, कारण वजन उंचीच्या घनाने वाढते. आजच्या तळाची पातळी धरून केलेला आराखडा काही वर्षांत अपुरा पडतो तो असा.

वरच्या थराखालचा थर त्याच्या सुमारे एक-दशांश वजनाच्या दगडांचा असावा आणि त्याखाली बारीक खडीचा किंवा जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडाचा) गाळणथर. हा गाळणथर वगळला की प्रत्येक लाट दगडांच्या फटींतून मागची माती शोषून घेते. भिंत वरून शाबूत दिसते आणि मागचा रस्ता एके दिवशी खाली बसतो. भिंतीपुढची वाळू लाटेच्या उंचीइतकी खोल खोदली जाईल असे गृहीत धरूनच पाया ठेवावा. भिंतीची दोन्ही टोके जमिनीत आत वळवावीत, कारण समुद्र भिंतीच्या पुढून आत शिरू शकला नाही तरी टोकाला वळसा घालून मागे येतो.

जिओट्यूब, म्हणजे वाळूने भरलेल्या कापडी नळ्या, स्वस्त वाटतात आणि तात्पुरत्या कामाला बऱ्या आहेत. उघड्यावर उन्हाने कापड कुजते, ओंडके आणि नांगर ते फाडतात आणि पायथ्याशी संरक्षक चादर नसेल तर नळी पुढे लोळते. कायमचा उपाय म्हणून त्या विकल्या जात असतील, तर शंका घ्यावी.

## टप्पा ८: भरणाचे प्रत्यक्ष काम

शांत हंगाम आणि कासवांचा विणीचा हंगाम एकमेकांवर येत असेल, तर वेळापत्रक तिथूनच आखायला घ्यावे. नळातून येणारे पाणी-वाळूचे मिश्रण सरळ समुद्राकडे धावू देऊ नये. किनाऱ्याला समांतर वाळूचा कच्चा बांध घालून मिश्रण त्यामागून लांबवर वाहू द्यावे, म्हणजे वाळू वाटेत बसते आणि फक्त पाणी पुढे जाते. नळाचे तोंड पुढे सरकवत, बुलडोझरने ठरलेल्या उंचीवर वाळू ओढत जावे. उंची मूळ कोरड्या पुळणीइतकीच ठेवावी. जास्त उंच भर केली की पुढच्या कडेला माणसाच्या कमरेएवढा उभा कापा तयार होतो, त्यावरून लोक पडतात आणि कासवांना वर चढता येत नाही.

बिल ड्रेजरच्या, म्हणजे वाळू उपसणाऱ्या जहाजाच्या, पोटातल्या घनमापावर देऊ नये. प्रत्येक तुकड्याची भरणाआधी आणि भरण संपताच, काही दिवसांच्या आत, त्याच ओळींवर मोजणी करावी आणि पुळणीवर बसलेल्या वाळूचेच पैसे द्यावेत. दररोज नळाच्या तोंडाशी एक नमुना घेऊन चाळावा. थर बदलला की तो दोन तासांत रंगावरून कळतो, पण काम थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे हे आधी लिहिलेले नसेल तर गाळ पुळणीवर येतच राहतो.

इशारा: काम संपताना दिसणारी रुंदी ही बांधकामाची रुंदी असते. पहिल्या वर्षात लाटा उतार नैसर्गिक करतात आणि कोरड्या रुंदीचा मोठा भाग, कित्येकदा अर्धाही, पाण्याखाली जातो. ही गोष्ट उद्घाटनाच्या आधी लोकांना आणि लोकप्रतिनिधींना आकड्यांसह सांगावी. नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

## टप्पा ९: टेकडी उभी करणे

भरलेली वाळू वाऱ्याने आत उडू नये म्हणून मागच्या कडेला काटक्यांची किंवा झापांची कुंपणे घालावीत. कुंपण पूर्ण बंद नसावे. निम्मी फट असलेले कुंपण वारा मंद करते आणि वाळू दोन्ही बाजूंना साठते. ते बुडाले की त्यावर दुसरे. त्यानंतर लागवड. उष्ण प्रदेशात मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा यांच्यासारख्या, वाळूत गाडल्या गेल्या तरी वर येणाऱ्या वनस्पती आधी लावाव्यात, झुडपे त्यामागे. उंच झाडे थेट पुढच्या कडेला लावण्याची हौस टाळावी. येण्याजाण्याच्या वाटा लाकडी फळ्यांच्या आणि थोड्या तिरप्या ठेवाव्यात, कारण समुद्राकडे सरळ उघडणारी वाट वादळात पाण्यालाही आत आणते.

## टप्पा १०: मोजणी चालू ठेवणे आणि पुन्हा भरणे

भरणानंतर लगेच, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने मोजावे, पुढे दरवर्षी एकाच हंगामात आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर. ओळी टप्पा २ मधल्याच, सीमाखोलीपर्यंतच्या. फक्त कोरडी रुंदी मोजणाऱ्याला उतारावर सरकलेली वाळू आणि कायमची गेलेली वाळू यांत फरक करता येत नाही.

पुन्हा भरण्याची अट आकड्यात आणि आधीच ठरवावी: उदाहरणार्थ, शांत हंगामातील मोजणीत आगाऊ टाकलेल्या वाळूपैकी तीन-चतुर्थांश संपली की पुढच्या भरणाचे काम सुरू. निधीची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकातच करावी, कारण मंजुरीला लागणारी वर्षे पुळण थांबून राहत नाही. एखाद्या तुकड्यात शेजारच्या ओळींपेक्षा दुप्पट वेगाने वाळू जात असेल, तर तिथे जास्त वाळू टाकण्याआधी समुद्रतळाचा नवा नकाशा काढावा. समोरचा खड्डा, खडकातली फट किंवा टोकाचा अचानक तुटलेला भर, यांपैकी काहीतरी बहुधा तिथे सापडते. आणि खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या ओळीही त्याच दिवशी मोजाव्यात. तिथे भरणानंतर वाळू वाढली असेल तर आपल्याकडून गेलेली वाळू तीच, आणि घटली असेल तर टप्पा ७ मधले बांधकाम लांबीने कमी करण्याचा आराखडा त्याच वर्षी हाती घ्यावा.